टी-206 कार्डं: किती छापली, किती उरली आणि दुर्मिळ कशाला म्हणायचं

तीन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत एका शाळेच्या जिममध्ये भरलेल्या कार्ड शोमध्ये मी पहिलं तंबाखू-कार्ड घेतलं, म्हणजे जुन्या काळी सिगारेटच्या पाकिटातून मिळणारं बेसबॉल खेळाडूच्या चित्राचं कार्ड. 1910 च्या आसपासचं, बोटाएवढ्या लांबीचं, कोपरे झिजून गोल झालेले. मागे ‘पीडमाँट’ सिगारेटची जाहिरात, निळ्या शाईत. विक्रेता म्हणाला, “या खेळाडूची फार कमी छापली होती.” मी त्या एका वाक्यावर दीडपट पैसे मोजले. घरी येऊन पाहिलं, तर त्याच खेळाडूची, तीच पीडमाँटची जाहिरात असलेली अकरा कार्डं त्या आठवड्यात विक्रीला होती.

त्या माणसाने मला फसवलं असं मला वाटत नाही. त्याने तेच ऐकलं होतं, तेच सांगितलं. पण “किती छापली?” या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नसतं आणि “दुर्मिळ आहे का?” या प्रश्नाचं उत्तर मात्र काढता येतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अमेरिकेत आलेली आपली बरीच मंडळी मुलांच्या बेसबॉलपासून सुरुवात करून या जुन्या कार्डांपर्यंत पोचतात. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. उदाहरण म्हणून टी-206 हा एकच संच घेतला आहे, कारण सगळ्यात जास्त अभ्यास त्याचा झाला आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याचबद्दल आहेत.

1. आधी हे समजून घ्या: छपाईचा आकडा उपलब्ध नाही

1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या वेगवेगळ्या ब्रँडच्या पाकिटांत ही कार्डं घातली. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा लागायचाच. त्यावर खेळाडूचं रंगीत चित्र छापलं की मुलं वडिलांना तोच ब्रँड आणायला लावायची. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीकडे होती. मे 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या खटल्यात टोबॅको कंपनीचे तुकडे करायचा निकाल दिला. कोणत्या खेळाडूची किती हजार कार्डं निघाली, याची छपाईखान्यातली नोंदवही संग्राहकांच्या हाती कधीच आलेली नाही. न कापलेला अखंड छापील तावसुद्धा मिळालेला नाही.

‘टी-206’ हे नावही कंपनीचं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक या संग्राहकांनी अशा कार्डांची सूची केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू-कार्डांना ‘एन’ आणि विसाव्या शतकातल्यांना ‘टी’ हे अक्षर दिलं. 206 हा सूचीतला क्रमांक. त्याचा कार्डांच्या संख्येशी काही संबंध नाही. बर्डिक यांचा तीन लाखांहून जास्त वस्तूंचा संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. जवळपास राहत असाल तर एकदा जाऊन या. भिंतीवर लावलेली अस्सल कार्डं डोळ्यांनी पाहिली की रंगांचा अंदाज येतो, आणि तो अंदाज पुढे खूप कामाला येतो.

तेव्हा कुणी “याची फक्त इतकी छापली” असा नेमका आकडा सांगितला, तर तो अंदाज आहे असं समजा आणि “हा अंदाज कशावरून?” हे विचारा.

2. जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. जवाहिरे वापरतात तसलं छोटं चालतं.
- मिलिमीटरची पट्टी, शक्यतो कॅलिपर.
- अल्ट्राव्हायोलेट टॉर्च.
- संचातल्या सगळ्या कार्डांची यादी आणि कोणत्या खेळाडूमागे कोणता ब्रँड येतो, याचा तक्ता. संग्राहकांनी केलेले असे तक्ते फुकट मिळतात.
- एक स्प्रेडशीट. पुढे मोजणी करायची आहे.
- प्रत्येक खरेदीची पावती, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि ग्रेडिंग (म्हणजे कंपनीकडून तपासून श्रेणी देणं) झालेलं असेल तर त्याचा सर्टिफिकेट नंबर.

शेवटच्या मुद्द्यात कंटाळा करू नका. दोन वर्षांनी तेच कार्ड पुन्हा बाजारात दिसलं तर ओळखायचं कसं? फोटोवरूनच.

3. कार्ड अस्सल आहे ना, ते पाहा

नकली कार्डाची दुर्मिळता मोजण्यात अर्थ नाही, म्हणून हे काम आधी. टी-206 चं नेहमीचं माप साधारण 36.5 बाय 66.7 मिलिमीटर. भिंगातून खालच्या पांढऱ्या पट्टीतलं खेळाडूचं नाव बघा. अस्सल कार्डावर ती अक्षरं तपकिरी शाईची, भरीव असतात. आधुनिक नक्कल चार रंगांच्या ठिपक्यांतून छापलेली असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या आणि आत रंगीबेरंगी ठिपके दिसतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही. मग अंधारात टॉर्च मारा: आजचा कागद निळसर पांढरा चमकतो, जुना मंदच राहतो.

मापाबद्दल एक सावधानता. ‘अमेरिकन ब्यूटी’ ब्रँडची कार्डं मुळातच थोडी अरुंद कापलेली आहेत, कारण ते पाकीट अरुंद होतं. काठ कातरलंय असं समजून मी असंच एक चांगलं कार्ड परत केलं होतं. उलट ‘पीडमाँट’ अरुंद आढळलं तर मात्र शंका घ्यायलाच हवी. तसंच ‘पोलर बेअर’ ही पुडीतली सुटी तंबाखू होती. कार्ड थेट तंबाखूतच पडलेलं असायचं. त्यावरचे तपकिरी डाग ब्रँडशी जुळतात, त्यांना घाबरू नका.

4. पुढची बाजू: खेळाडू आणि त्याची मालिका

रूढ मोजणीप्रमाणे पूर्ण संच 524 कार्डांचा. त्यात 390 मोठ्या लीगमधली आणि 134 छोट्या लीगमधली. या 134 पैकी 48 दक्षिणेकडच्या लीगमधल्या खेळाडूंची. एका खेळाडूची एकाहून जास्त चित्रं असू शकतात. टाय कॉब या गाजलेल्या खेळाडूची चार आहेत.

सगळी कार्डं एकदम छापली गेली नाहीत. मागच्या जाहिरातीत ‘150 सब्जेक्ट्स’, ‘350 सब्जेक्ट्स’, ‘350-460’, ‘460’ असं काहीतरी बहुतेक वेळा छापलेलं असतं. हे छपाईचे टप्पे आहेत. काही चित्रं पहिल्या टप्प्यातच थांबली, काही पहिल्या दोन्हींत चालली, काही शेवटी शेवटी आली. जे चित्र जास्त टप्प्यांत आणि जास्त ब्रँडच्या मागच्या बाजूंसह सापडतं, ते जास्त काळ छापलं गेलं. आकडा नाही कळला तरी लहान-मोठं कळतं. तुमच्या खेळाडूचं नाव यादीत शोधा आणि तो कोणकोणत्या टप्प्यांत येतो ते लिहून ठेवा.

5. मागची बाजू: खरं उत्तर इथे आहे

नवखा माणूस खेळाडूचा चेहरा बघतो. मुरलेला संग्राहक कार्ड हातात घेतल्याबरोबर उलटं करतो.

या संचामागे, कॉबच्याच नावाचा ‘टाय कॉब’ हा ब्रँड धरून, सोळा ब्रँड येतात. त्यांतले पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल इतके प्रचंड खपायचे की आज मिळणाऱ्या कार्डांत बहुसंख्य त्यांचीच आहेत. सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर त्यांच्यामागे. सायकल, टॉलस्टॉय, एल प्रिन्सिपे दे गालेस, हिंदू ही आणखी कमी. कॅरोलिना ब्राइट्स, ब्रॉड लीफ, लेनॉक्स, उझिट, ड्रम यांतलं काही दिसलं, तर खेळाडू अगदी अनोळखी असला तरी थांबून नीट पाहा. कारण एकच चित्र पीडमाँटसोबत शेकड्यांनी मिळेल आणि ड्रमसोबत वर्षानुवर्षं दिसणार नाही. खेळाडू तोच, पुढचं चित्र तेच, पण ब्रँड छोटा असेल तर त्याची पाकिटं कमी आणि म्हणून कार्डंही कमी.

ब्रँड वाचून थांबू नका. त्याच जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत कारखान्याचा क्रमांक असतो, ‘फॅक्टरी नंबर 25, 2nd डिस्ट्रिक्ट, व्हर्जिनिया’ असा. पीडमाँटमागे जवळजवळ नेहमी 25 असतो. तिथे 42 दिसला तर ते दुर्मिळ कार्ड आहे. स्वीट कॅपोरलमागे 25, 30 आणि 42 नेहमीचे. पण 150 च्या टप्प्यातल्या काही कार्डांवर वरून 649 हा क्रमांक छापलेला आढळतो आणि तो मोजक्याच चित्रांमागे येतो. शाईचा रंगही पाहा. हिंदू तपकिरी शाईत बऱ्यापैकी मिळतं, लाल शाईत क्वचित. ओल्ड मिल नेहमी काळ्यात; दक्षिणेकडच्या खेळाडूंमागे तपकिरी ओल्ड मिल सापडलं तर ती मोठीच गोष्ट.

मी माझ्या पहिल्या कार्डाची ही बारीक ओळ तब्बल चार महिन्यांनी वाचली. रविवारची दुपार होती, खिडकीजवळ भिंग घेऊन बसले होते. फॅक्टरी 25, पीडमाँट, 350. सगळ्यात जास्त मिळणाऱ्या प्रकारांपैकी एक. खेळाडू कमी छापला गेला असेल-नसेल, पण ही मागची बाजू तरी मुबलक होती, आणि ही ओळ त्या जिममध्येही तितकीच वाचण्यासारखी होती.

6. अशक्य जोड्या पाठ करा

काही चित्रं एकाच ब्रँडसोबत येतात. कारण छपाई चालू असताना चूक सापडली किंवा खेळाडूचा संघ बदलला, आणि त्या वेळी प्रेसवर ज्या ब्रँडचं काम चालू होतं तेवढ्यावरच ते रूप राहिलं. पैसे वाचवायचे असतील तर या जोड्या तोंडपाठ हव्यात:

- फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगीचं आडनाव सुरुवातीला चुकीच्या स्पेलिंगने, ‘एम-ए-जी-आय-ई’ असं छापलं गेलं. ही चूक फक्त ‘पीडमाँट 150’ मागे सापडते.
- मोठ्या लीग दोन, अमेरिकन आणि नॅशनल. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधला पिचर (चेंडू टाकणारा) जो डॉइल याला चुकून ‘नॅशनल’ लीगचा दाखवलं गेलं, बहुधा तिथल्या लॅरी डॉइलशी घोटाळा होऊन. ते रूप फक्त ‘पीडमाँट 350’ मागे येतं.
- डेमिट आणि ओ’हारा या दोघांची सेंट लुईस संघाची कार्डं फक्त पोलर बेअरमागे.
- मागे ‘टाय कॉब’ हाच तंबाखूचा ब्रँड असेल, तर पुढे लाल पार्श्वभूमीचं कॉबचंच चित्र हवं.

स्वीट कॅपोरलमागे ‘नॅशनल’वाला डॉइल कुणी विकायला आणला तर चर्चा करू नका, नमस्कार करून पुढे चला. साध्या डॉइल कार्डावर ‘नॅशनल’ची अक्षरं वरून छापून विकण्याचे प्रकार झालेले आहेत.

7. ग्रेडिंग कंपन्यांचे आकडे कसे वाचायचे

पीएसए, एसजीसी यांसारख्या कंपन्या कार्ड तपासून 1 ते 10 अशी श्रेणी देतात, प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालतात आणि आतापर्यंत कोणत्या कार्डाच्या किती प्रती तपासल्या याचा तक्ता जाहीर करतात. त्याला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात. नवख्यांचा सगळा भरवसा यावरच असतो. उपयोगी आहे, पण त्यात चार खड्डे आहेत.

पहिला: तो छापलेल्या प्रतींचा आकडा नाही, तपासायला पाठवलेल्या प्रतींचा आहे. साध्या खेळाडूचं फाटकं कार्ड तपासायला पैसे कोण घालणार? ते मोजलंच जात नाही. कॉबचं फाटकं कार्डही पाठवलं जातं. म्हणून रिपोर्टमध्ये कॉब भरपूर आणि एखादा छोट्या लीगचा खेळाडू कमी दिसतो.

दुसरा: लोक पेटी फोडून जास्त श्रेणीच्या आशेने तेच कार्ड पुन्हा पाठवतात. जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही, तर एकाच कार्डाच्या दोन-तीन नोंदी राहतात. महाग कार्डांत हे सर्रास होतं.

तिसरा: पीएसएच्या जुन्या लेबलांवर मागचा ब्रँड लिहिलेलाच नसायचा. त्यामुळे “या खेळाडूचं सॉव्हरिन फक्त दोनच” असं रिपोर्टमध्ये दिसलं, तरी जुन्या लेबलांच्या गर्दीत आणखी असू शकतात.

चौथा खड्डा मला सगळ्यात महाग पडला. “या श्रेणीत एवढीच” हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करू शकतं. 7 श्रेणीत तीनच असतील, पण 1 ते 4 मध्ये तीनशे असतील तर ती चांगल्या अवस्थेची टंचाई आहे, कार्डाची नाही. तिची किंमत असते, पण त्यासाठी मोजायचे पैसे वेगळ्या हिशोबाने ठरवा.

8. आता स्वतः मोजा

इथे दोन-तीन महिन्यांचं काम आहे, पण दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहणं यानेच संपतं.

*पहिली रीत: प्रमाण काढणं.* झालेल्या विक्रीतली, ग्रेडिंग न झालेली, कमी दर्जाची कार्डं घ्या, ज्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आहेत. निदान तीन-चारशे तरी हवीत. प्रत्येकाचा खेळाडू, ब्रँड, टप्पा, कारखाना स्प्रेडशीटमध्ये भरा. कमी दर्जाचीच का? कारण चांगली आणि दुर्मिळ कार्डं निवडून वेगळी काढली जातात. उरलेल्या साध्या ढिगात जुनं प्रमाण जास्त शाबूत राहतं. मी केलेल्या मोजणीत काही ब्रँड एकदाही आले नाहीत, आणि तेही उत्तरच होतं.

*दुसरी रीत: उरलेल्या प्रतींचा अंदाज.* तळ्यातले मासे मोजायला जीवशास्त्रज्ञ वापरतात तीच. एकदा जाळं टाकायचं, मिळालेल्या माशांना खूण करून सोडायचं, मग पुन्हा जाळं टाकून त्यात खुणेचे किती आले ते बघायचं. कार्डांना खूण करावी लागत नाही. घडी, डाग, तुटका कोपरा हीच त्यांची खूण. समजा, एखाद्या खेळाडूच्या एका दुर्मिळ ब्रँडची कार्डं पहिल्या पाच वर्षांच्या लिलावांत 12 वेगवेगळी दिसली, पुढच्या पाच वर्षांत 15 दिसली आणि त्यांतली 6 आधी दिसलेलीच होती. 12 गुणिले 15 भागिले 6, म्हणजे साधारण 30 प्रती फिरत्या आहेत.

‘फिरत्या’ हा शब्द महत्त्वाचा. काही मालक कार्डं वारंवार विकतात, काही पिढ्यान्‌पिढ्या कपाटात ठेवतात. ती कपाटातली या गणितात येत नाहीत, म्हणून उत्तर नेहमी खालच्या बाजूचं धरा. सामायिक कार्डं एक-दोनच निघाली तर या आकड्यावर विसंबू नका, आणखी नोंदी जमवा.

*तिसरी रीत: चुकीच्या कापणीतून तावाचा शोध.* काही कार्डांवर वरच्या काठाशी दुसऱ्याच खेळाडूचं किंवा त्याच खेळाडूचं नाव डोकावतं. म्हणजे तावावर वर कोण होतं, ते कळलं. मागच्या बाजूला छपाईच्या साच्यावरचे ओरखडे एका कार्डावरून शेजारच्या कार्डावर गेलेले असतात. ते जुळवत जुळवत संग्राहकांनी तावाचे तुकडे मांडले आहेत. एक चित्र एका तावावर किती वेळा होतं, हे समजायचा दुसरा मार्ग नाही. हे काम मला फार आवडतं, पण सुरुवातीला तुम्ही फक्त अशा कार्डांचे फोटो जपून ठेवा, फेकू नका.

9. माळ्यावर अजून काही आहे, हे धरून चला

2016 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत एका कुटुंबाला पणजोबांच्या घरातल्या चुरगळलेल्या कागदी पिशवीत मागे ‘टाय कॉब’ ब्रँड असलेली सात कार्डं सापडली. तोपर्यंत अशी पंधराच्या आसपासच माहीत होती. एका पिशवीने आकडा जवळपास दीडपट झाला. त्याआधी 2012 मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावी एका माळ्यावरच्या खोक्यात मिठाईसोबत येणारी, ‘ई-98’ संचाची सुमारे 700 कार्डं निघाली, तीही हात न लागल्यासारखी कोरी. त्या संचात चांगल्या अवस्थेतली कार्डं जवळजवळ नाहीतच, असं तोवर मानलं जायचं.

म्हणून दोन-तीनच प्रती माहीत असलेल्या कार्डासाठी सगळी शिल्लक लावू नका. निदान मी लावत नाही. ज्या कार्डाच्या तीस-चाळीस प्रती नोंदलेल्या आहेत, त्याला आणखी पाच सापडल्याने फारसा धक्का बसत नाही.

10. दुर्मिळता आणि किंमत वेगवेगळ्या वह्यांत लिहा

होनस वॅगनर या गाजलेल्या खेळाडूचं टी-206 कार्ड 2022 मध्ये 72.5 लाख डॉलरला गेलं. त्याने आपलं चित्र वापरू दिलं नाही म्हणून छपाई लवकर थांबली, आणि आज साधारण 50-60 प्रती माहीत आहेत. ‘नॅशनल’वाल्या डॉइलच्या प्रती त्याहून कितीतरी कमी आहेत, तरी किंमत वॅगनरच्या जवळपासही नाही. वॅगनर सगळ्यांना हवा आहे. डॉइल फक्त संच पूर्ण करणाऱ्यांना.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये म्हणून दोन स्वतंत्र रकाने आहेत. एकात अंदाजे उरलेल्या प्रती. दुसऱ्यात गेल्या दोन वर्षांत कार्ड किती वेळा विकायला आलं आणि किती जणांनी बोली लावली. लाल हिंदू, ड्रम अशा ब्रँडसाठी बोली लावणारे बहुतेक तेच ते आठ-दहा जण असतात, हे त्यातून दिसतं. त्यांतल्या दोघांचे संच पूर्ण झाले की पुढच्या लिलावात भाव उतरतो.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागा, कारखान्याचा क्रमांक वाचता येईल इतका. तो मिळेपर्यंत पैसे पाठवू नका. मिळाला की तक्ता उघडा, जोडी शक्य आहे का ते तपासा, मग आपल्या नोंदीत ते कार्ड आधी दिसलंय का ते शोधा. मला यासाठी आता वीस मिनिटं लागतात. तुम्हाला पहिल्यांदा दोन तास लागतील.

माझं ते पहिलं पीडमाँट अजून माझ्याकडे आहे, टेबलावर, भिंगाच्या शेजारी. नवीन कार्ड आलं की दोघांची अक्षरं शेजारी ठेवून बघते.